पकडण्याचे नऊ शब्द

वळणावर ड्रायव्हरने असा काही ब्रेक मारला की बसमध्ये उभी असलेली सगळी माणसं एकदम पुढे झुकली. तिचा हात वरच्या दांडीकडे गेला, दांडी चुकली, आणि जे हाती लागलं ते तिने धरलं. ती एका अनोळखी माणसाच्या शर्टाची बाही होती. बस पुन्हा सरळ चालायला लागली तरी तिची मूठ काही सुटेना.

त्या माणसाने आधी तिच्या मुठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या कागदाकडे, मग पुन्हा मुठीकडे.

"एक विचारू?" तो म्हणाला. "हे तुम्ही जे केलंत... ते ग्रॅब झालं की क्लच?"

तिने झटकन बाही सोडली. "माफ करा, तोल गेला माझा. पण म्हणून लगेच..."

"नाही नाही, खरंच विचारतोय. पोटापाण्याचा प्रश्न आहे." त्याने कागद तिच्यासमोर धरला. "नऊ इंग्रजी शब्द आहेत. नऊच्या नऊ शब्दांचा अर्थ पकडणे. आणि मला नऊ वेगवेगळी चित्रं काढायचीत. खाली कुणा खडूस बाईने लिहिलंय बघा, 'एका चित्राची दुसऱ्याशी गल्लत झाल्यास चित्र परत पाठवले जाईल.'"

हिरवी शाई. उभट अक्षर. शेवटच्या ओळीखाली दोनदा ओढलेली रेघ. तिने चष्मा नीट केला.

"बाई खडूस आहे हे कशावरून?"

"अक्षरावरून. अक्षर माणसाचा स्वभाव सांगतं."

"अक्षर माझं आहे."

त्याने कागद झटकन मागे घेतला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग कागदाची नीट घडी घालत म्हणाला, "मी पुढच्या स्टॉपला उतरतो."

"तुमचा स्टॉप आला?"

"नाही. पण उतरलेलं बरं."

ती हसली. दिवसभर प्रुफं वाचून डोकं भणभणलेलं असताना आपल्याला एवढं मोकळं हसू येईल असं तिला वाटलं नव्हतं. आणि तो काही पुढच्या स्टॉपला उतरला नाही.

ती एका प्रकाशनसंस्थेत काम करायची. शाळेतल्या मुलांसाठी सचित्र इंग्रजी-मराठी शब्दकोश तयार होत होता आणि दोन वर्षं ती त्यातच बुडालेली होती. ऑफिसात तिला सगळे कोशवाली म्हणत. 'हातांची कामं' नावाच्या पानावर येऊन मात्र तिची गाडी अडली होती. होल्ड, ग्रिप, ग्रास्प, ग्रॅब, स्नॅच, क्लच, क्लास्प, क्लेंच, क्लिंग. कपाटातला कुठलाही जुना कोश उघडा, समोर तेच, 'घट्ट पकडणे'. एका कोशाने फार कष्ट घेऊन 'घट्ट धरणे' लिहिलं होतं. नऊ शब्दांना एकच अर्थ कसा असेल, हा प्रश्न तिला जेवताना, झोपताना छळायचा. म्हणून तिने मोठ्या सरांकडे, म्हणजे संस्थेच्या संपादकांकडे, हट्ट धरला की या पानासाठी चांगला चित्रकार हवा. सरांनी ज्याला बोलावलं आणि कागद देऊन पाठवलं, तोच हा. ऑफिससमोरूनच बस पकडली होती त्याने, तिच्या दोन माणसं पुढे.

पुढच्या आठवड्यापासून तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी ऑफिसात यायला लागला. मागच्या खोलीत, कागदाच्या गठ्ठ्यांमधून जागा करून दोन खुर्च्या टाकल्या होत्या.

"हात द्या," पहिल्याच दिवशी तो म्हणाला.

"इतक्या लवकर?"

"चित्रासाठी."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणत असतील."

"सगळे म्हणजे किती जण झाले आतापर्यंत?" त्याने पेन्सिलीला टोक करता करता विचारलं. वर न बघता.

"ती नोंद कोशात नाही."

तिने हात टेबलावर ठेवला. त्याने तिच्या मुठीत पट्टी दिली, मग पेपरवेट, मग स्वतःचा रुमाल. ती शब्द फोडून सांगायची आणि तो काढायचा. ग्रिप म्हणजे पकड, हातोडीवर असते तशी, जोर लावून. ग्रॅब म्हणजे झटकन धरणं. स्नॅच म्हणजे दुसऱ्याच्या हातून हिसकावणं, त्याला दोन माणसं लागतात. ग्रास्प हातानेही होतं आणि डोक्यानेही, गणित समजलं की तेही ग्रास्पच.

"आणि क्लच?"

"त्यात भीती हवी. जीव मुठीत धरतो ना आपण, तसं. सोडलं तर गेलं असं वाटून धरलेलं."

"म्हणजे बसमध्ये क्लचच झालं होतं."

"भीती वाटली होती मला. तुमची नाही, पडायची."

"गाडीत मात्र क्लच दाबला की पकड सुटते," तो म्हणाला. "नाव पकडण्याचं आणि काम सोडायचं. एका गॅरेजवाल्याची पाटी रंगवली होती, त्याने शिकवलं."

"त्याला विचारा, क्लेंच म्हणजे काय ते."

"ते मला माहीत आहे. तुमचे सर आत येऊन 'झालं का' विचारतात, तेव्हा तुम्ही दात आवळता ना, ते."

असे शब्द होत गेले. शब्दांपेक्षा बोलणंच जास्त होत होतं, हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते.

चौथ्या चित्राच्या दिवशी त्याच्या हातून चहाचा ग्लास सुटला. धरलेला होता, पिता पिता मध्येच सुटला. चहा तिच्या प्रुफांवर पसरला. दोघंही रुमाल घेऊन धावले. पुसता पुसता तो म्हणाला, "तुमच्याकडे बघत ग्लास धरला की हे असंच होणार."

हे वाक्य तिने घरी नेलं. चार दिवस ते तिच्याबरोबर राहिलं.

"भाजी बिघडलीय का गं?" आईने ताटावर बसल्या बसल्या विचारलं.

"नाही. का?"

"मग भाजीकडे बघून हसतेस कशाला, माऊ?"

माऊ हे तिचं घरातलं नाव. आईने वाढताना दोनदा तिच्याकडे निरखून पाहिलं.

ऑफिसात त्याच्या काही गोष्टी माऊच्या नजरेतून निसटल्या नव्हत्या, फक्त तिने त्यांचा अर्थ चुकीचा लावला. काढता काढता तो मध्येच उजवा हात झटकायचा, ओल्या हाताचं पाणी झटकावं तसा. पेन्सिल अंगठ्याऐवजी पहिल्या दोन बोटांमध्ये अडकवायला लागला होता. तिला वाटलं, कलावंतांची काहीतरी लकब असेल. सहावं चित्र क्लचचं होतं. छातीशी पिशवी धरलेली म्हातारी, सुरेख. पण पिशवीच्या बंदाची रेघ थरथरलेली होती. तिला वाटलं, मुद्दाम केलंय, भीती दाखवायला. ती तसं म्हणालीही. तो कसनुसं हसला.

त्यानंतर तो आला नाही.

मंगळवार गेला, शुक्रवार गेला. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. एकदा निरोप आला, 'थोडं थांबा.' एवढाच. क्लास्प, क्लेंच आणि बिलगून राहण्याचं क्लिंग, ही तीन चित्रं बाकी होती. तिने क्लेंचचा सराव भरपूर केला.

"दुसरा चित्रकार बघू," मोठे सर म्हणाले. "तीन चित्रांसाठी अख्खा कोश थांबवू का?"

"छपाई भागाभागानेच होतेय ना, सर? हा भाग शेवटी घ्या. मला दोन महिने द्या."

"आणि तो आलाच नाही तर?"

"येईल."

हे ती कशाच्या जोरावर म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. खोलीबाहेर आल्यावर तिला रडूच यायला लागलं. चित्रांचं तेवढं दुःख नव्हतं. ज्या माणसाच्या हातून आपल्याकडे बघून ग्लास सुटतो, तो असा न सांगता गायब कसा होतो, हे तिला कळत नव्हतं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. हिशेबाच्या टेबलावरून तिने त्याचा पत्ता मागून घेतला आणि दोन बस बदलून गेली. बाहेर बारीक भुरभुर चालू होती. पत्त्यावर खाली शिवणकामाचं दुकान होतं आणि त्याच्या बाजूने वर जाणारा अरुंद जिना. मशिनीवर बसलेल्या बाईने गळ्यातली टेप सावरत तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"माप द्यायचंय?"

"नाही. चित्रकार इथेच राहतात ना?"

"छोटू? वर आहे. मी त्याची ताई." सहा फुटी माणसाचं नाव छोटू आहे हे पचायला तिला एक क्षण लागला. "आणि तू ती कोशातली. हिरव्या शाईची."

"तुम्हाला कसं..."

"गेले दोन महिने मी दुसरं काय ऐकतेय?" ताईने मशिनीचं चाक थांबवलं. मग आवाज खाली आणला. "चित्रं मागायला आली असशील, तर चार शब्द कमी बोल. त्याचा हात गेलाय."

"गेलाय म्हणजे?"

"मनगटातली नस दबलीय. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. पेन्सिल धरवत नाही, शर्टाचं बटण लावता येत नाही. डॉक्टर म्हणतात, लहानसं ऑपरेशन करा. हा करत नाही. अजून थांबला तर अंगठ्याचा जोर जाईल तो परत यायचा नाही, असंही सांगितलंय त्यांनी. मी सांगून थकले."

ती जिना चढून वर गेली तेव्हा तो खिडकीशी बसून डाव्या हाताने काहीतरी काढत होता. जमिनीवर चुरगाळलेले कागद पडले होते. तिला पाहून त्याने उजवा हात टेबलाखाली नेला.

"लपवू नका तो हात," ती म्हणाली. "मला कळलंय सगळं."

"ताईला गप्प बसवत नाही."

"ग्लास सुटला तेव्हापासूनच हे होतं?"

"त्याच्या आधीपासून."

ती समोरच्या खुर्चीत बसली. तिला हसावं की चिडावं कळेना. "मला वाटलं माझ्यामुळे सुटला. तुम्हीच म्हणालात तसं. चार दिवस मी त्या एका वाक्यावर जगले, माहीत आहे? आणि निघाली काय, तर नस."

इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला असावा. कारण खालची मशीन थांबली.

"अर्धं खरं होतं," तो म्हणाला.

"कुठलं अर्धं?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग हळू म्हणाला, "घाबरतो मी. डॉक्टरांसाठी लहान ऑपरेशन आहे, मनगट त्यांचं नाही ना. मला दुसरं काही येत नाही हो. शाळेत नापास व्हायचो, पण चित्र काढायचो म्हणून पोरं मान द्यायची. उद्या ऑपरेशनच्या टेबलावर काही चुकलं तर... आत्ता निदान आशा तरी आहे."

"आशा रोज थोडी थोडी सुकतेय. ताईंनी सांगितलं."

"तुम्ही दया दाखवायला आला असाल तर नका दाखवू."

"दया असती तर फोनवरच 'काळजी घ्या' लिहून मोकळी झाले असते," ती म्हणाली. "दोन बस बदलून भिजत आले नसते. डॉक्टरांचा नंबर द्या."

त्याने नंबर दिला. तिने तिथेच बसून फोन लावला आणि पुढच्या गुरुवारची वेळ घेतली. ती निघाली तेव्हा तो जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "गुरुवारी तुम्हाला ऑफिस असेल."

"सुट्टी टाकलीय."

"कधी?"

"सोमवारी जाऊन टाकणार आहे."

गुरुवारी सकाळी दहा वाजता त्याला आत नेलं. फक्त हात बधिर करणार होते, म्हणजे तो जागाच राहणार होता. बाहेर बाकावर ती आणि ताई. भिंतीवर घड्याळ होतं, आणि त्या घड्याळाला काहीतरी झालं होतं बहुतेक, कारण काटा हलतच नव्हता. ताई आधी दुकानातल्या गिऱ्हाइकांबद्दल बोलली. मग पावसाबद्दल. मग बोलायचं संपलं. कधीतरी तिने या मुलीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मांडीवर ठेवला. सुईने टोचून टोचून राठ झालेली ताईची बोटं. ताई काही मागत नव्हती, काही ओढत नव्हती, नुसती धरून बसली होती. हे क्लास्प, तिच्या मनात आलं. आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली, आत त्याच्या मनगटावर सुरी चालतेय आणि आपल्याला शब्द सुचतायत. पण हात तिने काढला नाही.

पाऊण तासाने दार उघडलं. डॉक्टरबाई मास्क खाली करत बाहेर आल्या.

"नस मोकळी झाली. वेळेवर आणलंत. अजून दोन-तीन महिने थांबला असतात, तर मी इतक्या खात्रीने बोलले नसते. बोटं हलवतोय. संवेदना यायला काही आठवडे लागतील, पण येईल."

ताईचा जीव भांड्यात पडला आणि ती तिथेच, बाकावर बसूनच, पदराने डोळे पुसायला लागली. डॉक्टरबाई वळता वळता म्हणाल्या, "बाहेर कोण कोण थांबलंय, हे त्याने मला चार वेळा विचारलं. 'ताई' म्हटलं तर म्हणाला, अजून कोण?"

टाके निघाल्यावर डॉक्टरांनी एक व्यायाम सांगितला. डोळे मिटायचे, कुणीतरी हातात वस्तू ठेवायची, आणि नुसत्या स्पर्शाने ती ओळखायची. रोज. ताईला दुकान होतं, म्हणून एक दिवसाआड संध्याकाळी ऑफिस सुटलं की हे काम कोशवालीकडे आलं.

पहिला आठवडा वाईट गेला. किल्लीला तो सेफ्टी पिन म्हणाला, खोडरबराला म्हणाला, "काहीतरी आहे." एके दिवशी तर नाद सोडून डोळे उघडून बसला. तिने वस्तू गोळा केल्या आणि म्हणाली, "परवा येते." दुसऱ्या आठवड्यात अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. मुंग्या आल्या म्हणून कुणाला इतका आनंद झालेला तिने कधी पाहिला नव्हता. ताईने शेजारच्या दुकानात जाऊन सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात त्याने किल्ली ओळखली. चौथ्यात पेन्सिल धरली, पहिल्या वर्गातल्या मुलासारखी, घट्ट, जिभेचं टोक बाहेर काढून. एका दिवशी पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही, असं ठरलं होतं आणि ती घड्याळ लावून बसायची. अशी पंधरा-पंधरा मिनिटं जोडत तीन चित्रं झाली. मोठ्या सरांनी दिलेल्या मुदतीला तेव्हा पाच दिवस उरले होते.

सरांनी चित्रं खिडकीपाशी नेऊन पाहिली. "या तिघांची रेघ वेगळी आहे," ते म्हणाले.  "आधी फार सफाईदार होती. ही माणसाची वाटते. छापायला पाठवा."

त्या संध्याकाळी ती अर्ध्या जिन्यातूनच म्हणाली, "पास झाली."

तो दारात उभा होता. चौकटीला टेकून त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "डोळे मिटलेच आहेत, तर व्यायाम करून घेऊ."

दोघं टेबलाशी बसली. त्याने तळहात पुढे केला. तिने टोकयंत्र ठेवलं.

"टोकयंत्र."

"बरोबर." तिने ते उचललं आणि दुसरं ठेवलं.

"ताईचं अंगुस्तान. बोटात घालते ते. सकाळपासून शोधतेय ती, देऊन टाक."

'देऊन टाक' असं तो म्हणाला. तिच्या लक्षात आलं, त्याच्या आलं नसावं. तिने अंगुस्तान बाजूला ठेवलं. टेबलावर आता काहीच उरलं नव्हतं. तिने थोडा विचार केला... आणि स्वतःचा हात त्याच्या तळहातावर ठेवला.



"हे काय आहे?" तिने विचारलं.

"अवघड आहे."

"अंगुस्तानापेक्षा?"

"थंड आहे. हलकं आहे. मधल्या बोटाला पेनाचा घट्टा आहे." त्याचा अंगठा त्या घट्ट्यावरून सावकाश फिरला. महिन्याभरापूर्वी या अंगठ्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"म्हणजे ओळखलंत."

"केव्हाच."

"मग सांगत का नाही?"

"नाव घेतलं की तू वस्तू काढून घेतेस."

खाली मशीन चालू होती. ती त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. बघायला संकोच वाटावा असं काही उरलंच नव्हतं, तरी तिला वाटला.

"काढून नाही घेणार," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. "तेव्हाच सांगणार होतो. सहाव्या चित्राच्या दिवशी. मग वाटलं, ज्याच्या हातात पेन्सिल राहत नाही, त्याने कुणाचा हात कोणत्या तोंडाने मागायचा."

"आणि आता?"

"आता मागतोय."

"नीट माग."

"माझ्याशी लग्न करशील?" तो म्हणाला. "चित्रकाराचं काम आहे, महिन्याला ठरावीक असं काही नाही. ताई बडबड करते. आणि मी घाबरट आहे, ते तू पाहिलंच आहेस."

"पाहिलंय," ती म्हणाली. "घाबरत घाबरत टेबलावर चढलास, तेही पाहिलंय. करीन."

तिने बोटं मिटली. त्याच्या पकडीत अजून म्हणावा तसा जोर नव्हता, डॉक्टर म्हणाल्या होत्या वेळ लागेल. तिने आपल्या बाजूचा थोडा जास्त लावला.

बऱ्याच वेळाने खाली आली तेव्हा तिने दुकानातूनच घरी फोन लावला. ताई मान खाली घालून काजं करत होती, पण सुई एकाच काजात अडकली होती.

"आई, उद्या एकाला जेवायला आणू का?"

"कोणाला?"

"आमच्या कोशाचं काम करतात ना... चित्रकार आहेत एक."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "घास नीट धरता येतो का आता त्याला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"झोपेत बडबडतेस तू, माऊ. महिनाभर मी त्याच्या हातासाठी जीव टांगणीला लावून बसलेय, आणि अजून तोंड पाहिलेलं नाही त्याचं. आण उद्या. आणि ती बहीण आहे ना त्याची, तिलाही आण."

तिने फोन कानापासून दूर केला आणि वळून पाहिलं. ताईने काम केव्हाच बाजूला ठेवलं होतं.

"किती वाजता यायचं?" ताईने विचारलं.